वस्तू दिसू द्या: भंगारातल्या शिल्पांबद्दल महापालिकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सगळ्या महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, आणि तुमचे उद्यान, घनकचरा आणि भांडार विभाग

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चौकात, बागेत, डिव्हायडरवर भंगारापासून बनवलेली शिल्पं बसवलीत. कुठे मोर, कुठे सिंह, कुठे गिटार वाजवणारा माणूस, कुठे स्वच्छ भारतचा भलामोठा चष्मा. मी शिल्पकार आहे आणि बरीच वर्षं भंगारातूनच काम करतेय, त्यामुळे पालिकेनं भंगाराकडे शिल्पाचं साहित्य म्हणून बघायला सुरुवात केली याचा मला मनापासून आनंद झाला होता. अजूनही आहे, कारण दहा वर्षांपूर्वी हे बोललं तर ऑफिसात कुणी खुर्चीही दिली नसती. पण यातली बहुतेक शिल्पं जवळ जाऊन बघितली की एक गोष्ट फार खटकते, आणि ती गावोगावी दिसायला लागल्यावर म्हटलं आता लिहूयाच. आत भंगार आहे हे कळतच नाही. वरून सोनेरी नाहीतर चॉकलेटी ऑइल पेंटचा जाड थर, खाली ग्रॅनाइटचा चौथरा, आणि पाटी वाचली तरच समजतं की हे 'टाकाऊपासून टिकाऊ' आहे.

माझी विनंती अगदी साधी आहे. वस्तू दिसू द्या. ज्या वस्तूंपासून शिल्प बनलंय त्या वस्तू लोकांना ओळखू येऊ द्यात. बाकी या पत्रात जे काही आहे ते सगळं यातूनच निघतं.

या प्रकारच्या शिल्पाचा सगळा जीव यात असतो की बघणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. पिकासोनं १९४२ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, जुन्या सायकलची एक सीट आणि एक हँडल घेतलं आणि एकमेकांना जोडलं, बस एवढंच, आणि बैलाचं डोकं तयार झालं. बघताना शिंगं दिसतात, लांबट तोंड दिसतं, आणि त्याच वेळी सीटही दिसते, हँडलही दिसतं, आणि मन त्या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत राहतं. त्यावर पुट्टी मारून, घासून, वरून रंग दिला असता तर एक बरा बैल उरला असता फक्त, आणि तसे बैल आपल्याकडे पोळ्याच्या बाजारात हवे तेवढे मिळतात. आपल्या चौकात नेमकं हेच होतंय. पिस्टन, क्लच प्लेट, चेन, बेअरिंग असं सगळं वेल्डरनं जीव तोडून जुळवलेलं असतं आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी स्प्रे गन घेऊन येतं.

परदेशातलंच उदाहरण कशाला, आपल्या देशात याहून मोठं काम झालंय, आणि तेही एका सरकारी नोकराच्या हातून. नेक चंद. चंदीगड शहर बांधलं जात होतं तेव्हा ते पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर होते. फाळणीत आपलं गाव पाकिस्तानात राहिलं म्हणून इकडे आलेला माणूस. नवं शहर उभं करायला जुनी गावं पाडली जात होती, त्या घरांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्या, टाइल्स, बेसिनचे तुकडे, गेलेल्या ट्यूबलाइट, इलेक्ट्रिकची सॉकेट, सायकलचे सांगाडे आणि नदीतले दगड असं सगळं ते सायकलवरून नेऊन सुखना तलावाजवळच्या जंगलातल्या एका घळीत साठवत राहिले आणि त्यातूनच तिथे शिल्पं उभी करत राहिले, तेच आजचं रॉक गार्डन. १९५८ च्या सुमारास सुरुवात केली, नोकरी सांभाळून, रात्रीअपरात्री, कुणाला न सांगता, कारण ती जमीन सरकारी होती आणि तिथे काही बांधायला मनाई होती. सत्तरच्या दशकात ते सगळं अधिकाऱ्यांच्या नजरेस पडलं तेव्हा नियमावर बोट ठेवलं असतं तर ते पाडावंच लागलं असतं. पाडलं नाही. उलट १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं, नेक चंदना त्याच कामाचा पगार सुरू केला आणि हाताखाली पन्नास कामगार दिले. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१५ मध्ये ते गेले, आणि आज रॉक गार्डन बघितल्याशिवाय कुणी चंदीगडहून परत येत नाही.

हे मी तुम्हाला मुद्दाम इतकं सविस्तर लिहितेय, कारण त्या कामामागे नेक चंदांइतकाच त्या वेळच्या प्रशासनाचाही निर्णय आहे. कुणीतरी फाइलवर सही केली आणि एक बेकायदा बांधकाम देशाचा ठेवा झालं. तुमच्या सहीत ती ताकद आहे.

आणि तिथे गेलात तर बायकांच्या आकृत्या थांबून बघा. सिमेंटच्या अंगावर काचेच्या बांगड्यांचे तुकडे रोवलेत, लाल, हिरवे, निळे, एकाला एक खेटून. लांबून अंगावर नक्षीचं लुगडं नेसल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की प्रत्येक तुकड्याचा वाक दिसतो, म्हणजे ती बांगडी केवढ्या मनगटाची असेल हेसुद्धा कळतं, काही तुकडे तर एवढे लहान गोलाईचे आहेत की ती बांगडी लहान मुलीचीच असणार. कुणाच्या तरी हातात वाढवलेल्या, फुटलेल्या, केरात गेलेल्या त्या बांगड्या. त्यावर रंग दिला असता तर काय उरलं असतं? सिमेंटची एक बाई.

आपल्या घरांत तर हे अजून जवळचं आहे. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. दुकानातच तो माणूस छोट्या मशिननं टिकटिक करत नाव कोरून देतो, कुणाच्या मुंजीप्रीत्यर्थ, कुणाच्या लग्नात मामाकडून, कुणाच्या वास्तुशांतीला, सोबत तारीख. पुढे ते भांडं चेपतं, गळतं, बोहारणीकडे जातं किंवा मोडीत जातं, आणि भंगारवाल्याकडे जर्मलच्या ढिगात, स्टीलच्या ढिगात ती नावं तशीच पडलेली असतात. मी अशा ढिगांसमोर तासन् तास बसलेय. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लग्नाची तारीख असलेला डबा हातात येतो, बूड काळं झालेलं, कडीचा एक कान तुटलेला, आणि त्या घरात त्यात काय काय ठेवलं असेल ते आपोआप डोळ्यापुढे येतं. हे साहित्य दगडात नाही, ब्राँझमध्ये नाही, फायबरमध्ये तर नाहीच नाही.

शिल्पकार सुबोध गुप्ता बिहारमधल्या खगौलचे, वडील रेल्वेत गार्ड. त्यांनी स्टीलच्या भांड्यांतून जी कामं केली ती जगभर गेली. २००६ मधली भांड्यांची प्रचंड कवटी तुम्ही फोटोत तरी बघितली असेल. भांडी मांडून अणुस्फोटाच्या ढगाचा आकार केलेलं, २६ टनांचं काम दिल्लीत किरण नादर म्युझियमकडे आहे. पण मला त्यांचं आवडतं काम वेगळंच आहे, ज्यात जुन्या, वापरून चेपलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा डोंगर आहे आणि त्यात ठिकठिकाणी नळ बसवलेत, नळांतून पाणी वाहतंय. आणखी काही केलेलं नाही. भांडी घासून चकचकीत केलेली नाहीत, पोचे काढलेले नाहीत. नळाखाली भांड्यांची रांग लावलेल्या कुठल्याही आईला ते काम समजवून सांगावं लागणार नाही.

आफ्रिकेत एल अनात्सुई नावाचे शिल्पकार आहेत, जन्म घानाचा, बरीच वर्षं काम नायजेरियात. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं चपटी करून, दुमडून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधतात आणि भिंतभर मोठी, सोनेरी-लाल, वस्त्रासारखी कामं तयार होतात. २०१५ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला. लांबून राजवस्त्र वाटतं, जवळ गेलं की प्रत्येक बुचावर दारूच्या ब्रँडचं नाव वाचता येतं, आणि युरोपातून आलेली दारू आणि आफ्रिकेतून नेलेली गुलाम माणसं हा सगळा व्यापार त्या नावांतून उभा राहतो. नावं पुसली असती तर शोभेचा पडदा उरला असता.

आता जे मला बोलायचंय ते. एका शहरासाठी, नाव घेत नाही, मी एक काम केलं होतं. पाणीपुरवठा विभागाच्या गोडाउनमध्ये जुनी पितळी पाण्याची मीटरं पडून होती, बिडाचे व्हॉल्व, जीआय पाइपांचे तुकडे, पंपाचे झिजलेले इम्पेलर. त्यातून कावड खांद्यावर घेऊन चाललेला माणूस केला. छातीवर, पोटावर मीटरांच्या तबकड्या होत्या, काचेखाली आकडे जिथे थांबले तिथेच ठेवले होते. कुणाच्या घराचं मीटर कुठल्या आकड्यावर बंद पडलं ते वाचता यायचं, आणि लोक खरंच वाचायचे, शाळेची पोरं बोट ठेवून आकडे मोठ्यानं म्हणायची. शहरानं वर्षानुवर्षं जेवढं पाणी प्यायलं ते त्या माणसाच्या अंगावर लिहिलेलं होतं. मग कुणीतरी मोठी व्यक्ती येणार म्हणून रस्त्याची रंगरंगोटी निघाली आणि त्यात त्याला वरपासून खालपर्यंत सोनेरी रंग मारला. तबकड्यांच्या काचांवरसुद्धा. मला विचारलं नाही, कळवलं नाही. पाटी मात्र शाबूत आहे, त्यावर माझं नावही आहे, पण ते काम आता माझं नाही आणि त्या शहराचंही नाही. तो नुसता एक सोनेरी माणूस आहे, बाजारात कुठूनही आणता आला असता असा. रंग मारणाऱ्या माणसावर माझा काडीचा राग नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. राग आहे तो 'गंजलेलं दिसतंय, रंग मारून घ्या' एवढ्या एका वाक्यावर काम चालतं त्याचा.

गंजाचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. आपल्याकडे पावसाळा आहे, आणि मुंबई-कोकणात खारी हवा, त्यात माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड, उघडं ठेवलं तर पत्रा काही वर्षांत खाल्ला जातो. पण त्यावर ऑइल पेंट हा एकच इलाज नाही ना. वायर ब्रशनं सुटा गंज काढून वर पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) कोट देता येतो आणि ठरावीक काळानं तो पुन्हा देता येतो. आतला सांगाडा गॅल्वनाइज करून, म्हणजे जस्ताचा थर देऊन, घेता येतो, कारण भार तो घेतो, आणि बाहेरच्या जाड बिडाच्या वस्तूंना वरवरच्या गंजानं लगेच काही होत नाही. पितळ काळं-हिरवं पडतं, पडू द्या, ते पितळच आहे हे त्यामुळेच कळतं. आणि जी वस्तू मुळातच रंगीत होती, लाल पोस्टाची पेटी, एसटीचा पत्रा, तिचा जुना रंग तसाच राखता येतो. हे सगळं करायला डोकं आणि वेळ लागतो, पैसे फारसे नाही.

बाहेर बसवलेल्या भंगाराच्या शिल्पाचे खरे धोके वेगळेच आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. गिअर, वाट्या, डबे, हेल्मेट, टायर, सगळ्याच्या खोबणीत पावसाचं पाणी साठतं आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास होतो, तर प्रत्येक खोबणीला खालून भोक पाडलं पाहिजे, हे तुमच्या एकाही टेंडरमध्ये मी वाचलेलं नाही. स्टेनलेस आणि माइल्ड स्टील, किंवा ॲल्युमिनियम आणि तांबं, ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर त्यातला एक धातू झपाट्यानं कुजतो, मध्ये रबरी किंवा नायलॉनचं वॉशर लागतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना वेल्डच होत नाहीत, तिथे रिव्हेट, नटबोल्ट, तार हेच खरं, पण घाईत कुणीतरी एपॉक्सीनं चिकटवतं आणि दोन उन्हाळ्यांत ते सुटून पडतं. पोरं चढतात, त्यांच्या हाताला लागेल अशा पत्र्याच्या कडा ग्राइंडरनं मारल्याच पाहिजेत. आणि बनवणाऱ्याच्या जिवाचंही बघा. बंद ड्रम किंवा पेट्रोलची टाकी धुतल्याशिवाय गॅस कटर लावला तर स्फोट होतो, गॅल्वनाइज पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जाऊन थंडी वाजून ताप येतो, बॅटरीत शिसं, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस. वेल्डरला नुसता काळा गॉगल देऊन भागत नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्याकडे आकार आधी ठरतो आणि भंगार नंतर शोधलं जातं. 'सहा फुटी मोर, नग दोन.' मग ठेकेदार मोराला साजेसं भंगार शोधतो, मिळालं नाही की हार्डवेअरच्या दुकानातून नवीकोरी सळई आणि नटबोल्ट आणून जोडतो. होय, नवे. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पेट्यांवरचं सील फोडून. आणि मग सगळं एकसारखं दिसावं म्हणून रंग! म्हणजे रंगाची गरज तिथून निर्माण होते. दिल्लीत २०१९ मध्ये सराय काले खाँला पालिकेनं सुमारे दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी केली, ताजमहाल, आयफेल टॉवर वगैरे, तिथे गर्दी होते, त्यात राबलेल्या कारागिरांची मेहनत मी अजिबात कमी लेखत नाही. पण दिल्लीच्या भंगारानं पॅरिसची गोष्ट का सांगावी? दिल्लीच्या भंगाराकडे दिल्लीची गोष्ट असणारच.

आपल्या प्रत्येक गावाचं भंगार वेगळं आहे हो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथे साधे माग किलोच्या भावानं मोडीत गेले, अजून जातायत. धोटे (मागात सूत इकडून तिकडे नेणारे), कांड्या, फण्या, बीम, लाकडाला तेलकट काळा रंग चढलेला, धोट्याचं टोक लाखो फेऱ्यांनी गुळगुळीत झालेलं. एका धोट्याकडे बघून कळतं की कुणीतरी आयुष्यभर त्या आवाजात उभं राहून काम केलंय. इचलकरंजीच्या चौकात सिंह कशाला हवा? कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं बंद पडली की चरक आणि काहिली मोडीत निघतात, फाउंड्रीतली नापास कास्टिंगं ढिगानं पडलेली असतात. मुंबईत बंदराजवळच्या दारूखाना भागात जहाजं तोडली जातात, तिथल्या दुकानांत जहाजांचे दिवे, साखळ्या, पोर्टहोल मिळतात, आणि गिरणगावात कधीतरी सूत कातायच्या लाखो चात्या फिरत होत्या, त्यातल्या किती उरल्यात कुणास ठाऊक. रत्नागिरी, मालवण, हर्णैच्या किनाऱ्यावर फाटकी जाळी, बोये, दोर, फुटलेल्या होड्यांच्या फळ्या. आणि एसटी! आगारात मोडीत काढलेली बस उभी असते तिच्यात खिडक्यांचे गज आहेत, सीटचे सांगाडे, बोर्डाचे पत्रे ज्यावर गावांची नावं एकावर एक रंगवलेली, कंडक्टरच्या घंटीची दोरी. महाराष्ट्रातला असा माणूस दाखवा ज्याला ती दोरी बघून काही आठवणार नाही. हे सगळं वितळायला जातंय आणि आपण चौकात सोनेरी मोर बसवतोय.

कलाकार हेमा उपाध्याय यांनी मुंबईत हेच केलं होतं. धारावीची घरं त्यांनी पत्रा, गाड्यांचं भंगार, प्लास्टिक, ताडपत्रीचे तुकडे अशा वस्तूंतून छोटी करून अंथरली, एका कामाचं नावच 'आठ फूट बाय बारा फूट', धारावीतल्या सरासरी घराचं माप. भिंतीवर, छतावर घरंच घरं आणि मध्ये आपण उभे. ज्या वस्तूंतून ती खरी वस्ती उभी राहते त्याच वस्तूंतून ते काम उभं राहिलं, म्हणून ते इतकं अंगावर येतं.

मग काय करायचं? तुमच्या भांडार विभागापासून सुरुवात करा. दरवर्षी तुम्ही साहित्याचं निर्लेखन करता, म्हणजे निकामी सामान नोंदीतून काढून टाकता, यादी निघते, लिलाव होतो, सगळं एकगठ्ठा एका व्यापाऱ्याकडे जातं. एलईडी आल्यावर उतरवलेले जुने सोडियमचे दिवे, बिडाचे कोरीव खांब, घंटागाडीच्या घंटा, पालिका शाळांचे बाक ज्यावर पोरांनी कर्कटकानं नावं कोरलीत, अग्निशमन दलाचे फाटके होज, दवाखान्यातल्या लोखंडी कॉट. दिल्लीचे कलाकार विवान सुंदरम यांनी तर २००५ मध्ये बारा लोखंडी कॉटवर गादीच्या जागी जुन्या चपला-बुटांचे तळवे बांधून एक अख्खा वॉर्ड उभा केला होता. तर लिलावाची तारीख लावण्याआधी निदान पंधरा दिवस ते गोडाउन शिल्पकारांना, कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना, आणि हो, शहरातल्या लोकांनाही बघायला उघडं ठेवा. हवं ते त्याच किलोच्या दरानं पालिकेनं शिल्पासाठी बाजूला काढावं. आधी वस्तू बघू, हाताळू, मग आकार ठरेल. यात पालिकेचं नुकसान काहीच नाही, फक्त क्रम उलटा करायचाय.

टेंडरबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागले तर संपणार नाही. शिल्पाला किलोवर आणि फुटावर दर लावू नका. सर्वात कमी बोली लावणाऱ्याला काम देऊ नका, रस्त्याच्या डांबराला ते चालत असेल. उलाढालीची अट अशी असते की शिल्पकार पात्रच होत नाही, ठेकेदार पात्र होतो, आणि मग तो आमच्यातल्याच एखाद्या पोराला शेवटच्या दोन आठवड्यांत निम्म्याहून कमी पैशात गाठतो. जे झालंय ते बघून निवडा, छोटी प्रतिकृती मागवा आणि तिचे पैसे द्या, निवड समितीत शहरातला एखादा फिटर किंवा वेल्डर घ्या, त्यांना आमच्याइतकंच कळतं.

आणि एक माणूस या सगळ्यात कुठेच नसतो, ज्याच्याशिवाय वस्तू सापडतच नाही. कचरावेचक. आमच्या भाषेत 'सापडलेली वस्तू' म्हणतात पण ती आम्हाला नाही सापडत, आमच्या आधी त्यांना सापडते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पालिकेसोबत दारोदारी कचरा उचलायला लागली. त्या बायकांसोबत अर्धा दिवस बसा. नुसतं वाजवून प्लास्टिक ओळखतात, पत्रा हातात घेतला की सांगतात यात लोखंड किती, कुठल्या दुकानात काय भाव येईल. वर्गीकरणाची इतकी बारीक नजर मला पाच वर्षांच्या कला शिक्षणात कुणी दिली नाही. विवान सुंदरम यांनी २००८ मध्ये स्टुडिओत कचऱ्याचं अख्खं शहर मांडलं तेव्हा दिल्लीत कचरावेचकांसोबत काम करणाऱ्या चिंतन या संस्थेला बरोबर घेतलं होतं. तुम्हीही घ्या. वस्तू निवडायला त्यांना मानधन देऊन बोलवा, बाजारभावापेक्षा जास्त द्या कारण तुम्ही किलोवर नाही, नजरेचे पैसे देताय. आणि पाटीवर उद्घाटकांच्या नावांनंतर जागा उरली तर नाही, सगळ्यात आधी त्यांची नावं घाला, त्यांना चालत असेल तर. वेल्डरचं घाला. कुठली वस्तू कुठून आली तेही चार ओळींत लिहा, 'हे बाक अमुक शाळेचे, हे मीटर अमुक पेठेतले'. लोक वाचतात, मी बघितलंय.

शेवटचं, बसवल्यानंतरचं. शिल्प बसवायला बजेट असतं, सांभाळायला नसतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कोट, नटबोल्ट, ड्रेनची भोकं बघायला एक माणूस आणि थोडे पैसे मूळ करारातच लिहून ठेवा. रंग मारायचा, हलवायचं किंवा काढायचं असेल तर करणाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक करा. मोठमोठी कामंही सुरक्षित नसतात. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाजवळचा रस्ता आणि पार्किंगसाठी रॉक गार्डनच्याच भिंतीचा काही भाग पाडला, लोक रस्त्यावर आले, तरी पाडला. फार पूर्वी तिथे बुलडोझर आले होते तेव्हा लोकांनी मानवी साखळी करून परत पाठवले होते. आपल्या चौकातल्या शिल्पासाठी कुणी साखळी करेल का? सोनेरी मोरासाठी नाही करणार, त्यांचं त्यात काही नाही. पण आजोबांच्या मागाचा धोटा त्यात असेल, शाळेतला आपला बाक त्यात असेल, तर नक्की करतील.

येत्या आर्थिक वर्षाच्या निर्लेखनाच्या याद्या तुमच्याकडे तयार होत असतीलच. तुमच्यातल्या फक्त एका पालिकेनं, छोटी नगरपरिषद असली तरी चालेल, या वेळी लिलावाआधी गोडाउन उघडं करायचं ठरवलं तर मी येईन, ओळखीचे दोन-तीन शिल्पकार आणि वेल्डर घेऊन येईन, यादी करायला मदत करीन, त्या कामाचे पैसे मागणार नाही. मसुदा टेंडरही लिहून देते, ड्रेनच्या भोकांपासून पाटीच्या मजकुरापर्यंत, तुमच्या विधी विभागानं तपासून घ्यावा. आणि ज्या शहरात माझा कावडवाला उभा आहे तिथल्या अधिकाऱ्यांना वेगळी विनंती, परवानगी द्या, रंग मी स्वतः उतरवून देते, निदान तबकड्यांवरचा तरी.

आपली,
भंगारात काम करणारी एक शिल्पकार